पेशीतला हमाल आणि मुकादमाचा प्रश्न

पेशीतील वाहतूक शिकवताना एक संगणक-चित्रफीत हल्ली हमखास दाखवली जाते. हार्वर्ड विद्यापीठासाठी एक्सव्हिवो या संस्थेने २००६ साली तयार केलेली 'द इनर लाइफ ऑफ द सेल' ही ती फीत. तिच्यातले एक दृश्य कोणीही विसरत नाही. एका लांबलचक नळीवरून दोन पायांचे एक प्रथिन डुलत डुलत, एकेक पाऊल टाकत चालले आहे आणि त्याच्या डोक्यावर त्याच्यापेक्षा कितीतरी मोठी पिशवी आहे. हे प्रथिन म्हणजे कायनेसिन.

गोंदिया जिल्ह्यातील अकरावीच्या एका वर्गात आम्ही हे दृश्य दाखवले. गोंदिया हा धानाचा मुलूख. राईस मिलच्या आवारात धानाचे कट्टे पाठीवर घेऊन चालणारे हमाल मुलांच्या रोजच्या पाहण्यातले. 'कायनेसिन म्हणजे पेशीतला हमाल' असे म्हणताच वर्गाला ते पटले आणि आम्हीही स्वतःवर खूश झालो. तेवढ्यात मागच्या बाकावरून एका मुलीने विचारले, "कट्टा कुठी न्यायचा ते हमालाले मुकादम सांगते. याले कोन सांगते जी?"

आमच्यापाशी उत्तर नव्हते. उत्तराच्या शोधात आम्ही मुंबईच्या रूप मल्लिक यांच्या कामापर्यंत पोचलो. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आणि नंतर मुंबईच्या आयआयटीत त्यांनी याच 'हमालां'चा अभ्यास केला आहे. या कामासाठी त्यांना २०१४ साली भटनागर पुरस्कार आणि २०१८ साली इन्फोसिस पुरस्कार मिळाला. हा लेख मात्र त्यांचा सत्कार नव्हे आणि चरित्रही नव्हे. त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर या कामातून किती मिळाले, किती बाकी राहिले, आणि ते समजून घेतल्यावर आमच्या हमालाचे काय झाले, एवढेच आम्हांला तपासायचे आहे.

फितीत काय दिसते, काय दिसत नाही

प्रथम फितीला न्याय देऊ. कायनेसिन खरोखरच पाऊल टाकते. १९९३ साली त्याचे पाऊल मोजले गेले, ते ८ नॅनोमीटरचे भरले. मागचा पाय पुढे, मग दुसरा पुढे, अशी ती चाल असते हे २००३-०४ च्या सुमारास प्रयोगांनी सिद्ध झाले. प्रत्येक पावलाला एटीपीचा एक रेणू खर्ची पडतो. वेग सेकंदाला सुमारे ८०० नॅनोमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे शंभर पावले.

हा वेग क्षुल्लक वाटेल. पण पाठीच्या कण्यापासून पायापर्यंत जाणाऱ्या एक मीटर लांबीच्या चेतातंतूचा विचार करा. या वेगाने माल न थांबता गेला तर पोचायला सुमारे साडेचौदा दिवस लागतील. कायनेसिन नसते आणि माल नुसता विसरणावर सोडला असता तर? विसरण गुणांक सेकंदाला १ चौरस मायक्रोमीटर धरून विद्यार्थ्यांकडून गणित करून घ्या. उत्तर सुमारे सोळा हजार वर्षे येते. पेशीत वाहतूक का लागते, हे या एका गणिताने स्पष्ट होते.

आता फितीतल्या त्रुटी पाहू. पेशी पाण्याने आणि प्रथिनांनी गच्च भरलेली असते. फितीत ही गर्दी काढून टाकली आहे. चित्र दिसावे म्हणून ते करणे भागच होते. परंतु गर्दीबरोबर थरथरही गेली. या आकारमानाच्या प्रत्येक वस्तूला पाण्याचे रेणू सतत धक्के देत असतात. हवेत लोंबणारा पाय डौलाने पुढे जात नाही, तो धक्क्यांनी सैरावैरा भिरभिरतो आणि योग्य जागा सापडली की चिकटतो. हे उणे एक्सव्हिवोलाही जाणवले असावे, कारण त्यांच्या नंतरच्या एका फितीत गर्दी आणि थरथर दोन्ही आहेत.

दुसरी त्रुटी अधिक गंभीर आहे. फितीत पिशवीवर एकच हमाल आहे आणि तो एकाच दिशेने चालला आहे. प्रत्यक्षात एकाच पिशवीवर पुष्कळदा दोन जातींची प्रथिने बसलेली असतात. कायनेसिन बहुधा पेशीच्या परिघाकडे ओढते, तर डायनीन केंद्राकडे. दोघांची वाट तीच, म्हणजे सूक्ष्मनलिका. सूक्ष्मदर्शकाखाली पिशव्या पुढे जातात, थबकतात, मागे फिरतात. असा हमाल एकाही राईस मिलने ठेवून घेतला नसता!

तिसरी चूक फितीची नाही, ती आमची होती. हमाल म्हटले की ओझे आले आणि ओझे म्हटले की वजन. १ मायक्रोमीटर व्यासाच्या प्लॅस्टिकच्या मण्याचे वजन काढून पाहा. ते सुमारे ०.००५ पिकोन्यूटन भरते. पाण्यात तर उद्धरणामुळे त्याचाही विसावा हिस्सा उरतो. कायनेसिनचे बळ ५ ते ७ पिकोन्यूटन, म्हणजे मण्याच्या वजनाच्या हजारपट. एवढे बळ वजन उचलायला लागत नाही. ते लागते दाटीतून वाट काढायला आणि उलट ओढणाऱ्याला तोंड द्यायला. हमालाच्या उपमेचा पहिला सांधा इथे निखळला.

एका रेणूचे बळ मोजायचे कसे

मल्लिक मूळचे भौतिकशास्त्राचे. टाटा संस्थेत त्यांनी संघनित पदार्थांवर पीएच.डी. केली आणि नंतर अमेरिकेत अर्व्हाइन येथे स्टीव्हन ग्रॉस यांच्या प्रयोगशाळेत ते जीवशास्त्राकडे वळले. तिथे त्यांचे मुख्य हत्यार होते प्रकाशाचा चिमटा. आर्थर अ‍ॅश्किन आणि सहकाऱ्यांनी १९८६ साली तो सिद्ध केला आणि अ‍ॅश्किन यांना २०१८ च्या नोबेल पारितोषिकाचा निम्मा वाटा मिळाला. लेसरचा झोत सूक्ष्मदर्शकाच्या भिंगातून एका बिंदूवर एकवटला की पारदर्शक मणी त्या बिंदूकडे ओढला जातो. मणी बाजूला सरकला की झोत त्याला परत खेचतो. जितका अधिक सरकला तितके खेचणे अधिक. म्हणजे हा चिमटा एखाद्या स्प्रिंगसारखा वागतो. १ नॅनोमीटर सरकल्यास ०.०५ पिकोन्यूटन, अशी स्प्रिंग असेल आणि प्रथिनाने मणी १०० नॅनोमीटर ओढून नेला असेल तर त्याने ५ पिकोन्यूटन बळ लावले. नववीत शिकवतो तेच गणित इथे एका रेणूला लागू पडते.

एकच रेणू का पाहायचा, असा प्रश्न विद्यार्थी विचारतील. समजा शंभर पिशव्यांपैकी पन्नास डावीकडे गेल्या आणि पन्नास उजवीकडे. सरासरी काढली तर काहीच हलले नाही असे दिसेल! प्रथिनांच्या हालचालींत असेच घडते. कोट्यवधी रेणूंच्या सरासरीत थबकणे, सुटणे, मागे फिरणे सगळे पुसले जाते. एकेक रेणू पाहिला तरच ते दिसते.

२००४ साली 'नेचर'मध्ये मल्लिक, ग्रॉस आणि सहकाऱ्यांचा निबंध आला. गुरांच्या मेंदूतून काढलेले डायनीन त्यांनी मण्याला जोडून चिमट्यात धरले. ओझे नसताना ते २४ किंवा ३२ नॅनोमीटरची लांब पावले टाकत होते. ओढ वाढवत नेली तशी पावले आखूड होत ८ नॅनोमीटरवर आली. पण एकट्या डायनीनचे बळ जेमतेम १.१ पिकोन्यूटनच भरले. घाट चढताना ट्रकचालक खालचा गिअर टाकतो, तसे डायनीन वागते, असे लेखकांनी मांडले.

इथे थोडे थांबले पाहिजे. 'गिअर' हीही उपमाच. मग ती आमच्या 'हमाला'पेक्षा चांगली का? कारण तिच्यातून एक संख्या निघते. ओढ इतकी असेल तर पाऊल इतके असेल, असे ती सांगते आणि चूक असेल तर मोजमापात पकडली जाते. आमचा हमाल कशातच पकडला जात नव्हता. तो सगळ्यांना पटत होता आणि नेमके काहीच सांगत नव्हता.

दुबळ्यांचा संघ

२००६ साली मल्लिक टाटा संस्थेत परतले. आता प्रश्न एका रेणूचा नव्हता, एकाच पिशवीवरील अनेक रेणूंचा होता. मातीत राहणाऱ्या डिक्टिओस्टेलियम नावाच्या अमीबासदृश जीवातल्या पिशव्यांवर त्यांच्या गटाने काम केले आणि २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला. पिशवी मागेपुढे होते ती रस्सीखेचीमुळे. एका बाजूला एकच ताकदवान कायनेसिन, दुसऱ्या बाजूला सुमारे चार ते आठ दुबळी, पटकन सुटणारी डायनीन. ओढाताणीत पिशवी लांबट होते आणि कधी दुभंगतेही. हे दुभंगणे पेशीला हवेच असते, कारण आत आलेल्या मालाची वाटणी त्यातून होते.

यानंतरचा २०१३ चा 'सेल'मधील निबंध आम्हांला या कारकिर्दीतला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. त्यात चिमटा थेट जिवंत पेशीत नेला होता. भक्षक पेशींना सूक्ष्म मणी खाऊ घातले. पेशीने मणी गिळला की त्याभोवती पटलाची पिशवी तयार होते आणि मोटर-प्रथिने ती ओढू लागतात. म्हणजे मणी हाच माल आणि मणी हेच मोजमापाचे साधन. या युक्तीतील साधेपणा पाहण्यासारखा आहे.

निष्कर्ष अपेक्षेच्या उलट निघाला. ताकदवान कायनेसिनांना एकत्र काम जमत नाही. दुबळ्या डायनीनांना मात्र जमते आणि जितकी डायनीन जास्त तितके त्यांचे एकूण बळ प्रमाणात वाढते, तितकी ती टिकूनही राहतात.

असे का व्हावे? चिखलात रुतलेली बंडी आठवा. जोडीतला एक बैल पुढे सरला आणि दुसरा मागे राहिला तर सगळी ओढ पुढच्यावर येते. कायनेसिनचे काहीसे असेच होते. पुढच्यावर भार पडतो, तो सुटतो, मग भार दुसऱ्यावर, तोही सुटतो. डायनीनच्या बाबतीत तो 'गिअर' कामी येतो. पुढच्या डायनीनवर भार पडला की त्याची पावले आखूड होतात. मागच्यावर भार कमी, म्हणून तो लांब पावले टाकून पुढच्याला गाठतो. सगळे जवळजवळ येतात आणि भार वाटला जातो. शिवाय ओढ फारच वाढली तर डायनीनची नलिकेवरची पकड सैल होण्याऐवजी घट्ट होते, गुराच्या दाव्याचा सरकफास ओढ बसल्यावर आवळतो तशी. कायनेसिन अशा वेळी झटकन सुटते.

या निष्कर्षाची बातमी करायची झाली तर 'एकीचे बळ' हा मथळा सुचल्यावाचून राहणार नाही. परिपाठात सांगायला तर ही आयती गोष्ट. पण हा मोह टाळावा, असे आमचे मत आहे. डायनीन एकी करत नाही. शेजारी आणखी कोणी आहे हे त्याला ठाऊकही नसते. प्रत्येक रेणू फक्त स्वतःवरील ओढीला प्रतिसाद देतो आणि त्यातून संघ घडल्यासारखा दिसतो. बैलजोडीला हाकणारा असतो, इथे कोणी नाही. 'एकी' म्हटले की शोधातले सर्वांत सुंदर तेच हरवते. ठरवणारा कोणी नसतानाही ठरवल्यासारखे घडते कसे, हेच तर या प्रयोगांनी पिकोन्यूटनांच्या भाषेत दाखवले आहे.

मुकादम कोण?

आता त्या मुलीचा प्रश्न. २०१६ साली याच गटाचा 'सेल'मध्ये आणखी एक निबंध आला. भक्षक पेशीने गिळलेली पिशवी सुरुवातीला मागेपुढे करत राहते. काही काळाने मात्र ती सरळ केंद्राकडे निघते. तिथे लयकारिका असतात आणि त्यांच्याशी संयोग झाल्यावर आतील जंतू पचवला जातो. हा बदल कशामुळे? पिशवी जुनी होते तसे तिच्या पटलावर कोलेस्टेरॉलयुक्त मेदाचे लहान ठिगळ तयार होतात आणि विखुरलेली डायनीन तिथे गोळा होतात. गोळा झाली की ती एकत्र ओढू शकतात आणि रस्सीखेच डायनीनच्या बाजूने झुकते.

म्हणजे मुकादम सापडला का? एका अर्थाने हो, आणि तो मेदाचा एक ठिगळ निघाला! आदेश कोणी दिला नाही. पटलाचे रसायन बदलले, रेणूंची मांडणी बदलली आणि दिशा बदलली. काळा आजाराचा परजीवी लीशमानिया याच जागी घाव घालतो, असेही या निबंधात सुचवले आहे. त्याच्या पृष्ठभागावरील एक रेणू डायनीनांचे एकत्र येणे बिघडवतो आणि परजीवीची पिशवी पचनापासून वाचते.

यकृतातही असेच काही दिसले. २०१७ आणि २०१९ च्या निबंधांत या गटाने दाखवले की, यकृताच्या पेशींतील मेदाच्या थेंबांवर कायनेसिन किती बसेल हे इन्सुलिनवर अवलंबून असते. जेवणानंतर कायनेसिन थेंबांवर जास्त बसते, थेंब परिघाकडे नेले जातात आणि मेद रक्तात सोडला जातो. उपासात कायनेसिन कमी होते आणि मेद आतच राहतो. एका रेणूच्या पावलापासून सुरू झालेले काम अशा रीतीने आपल्या ताटापर्यंत आले.

आमच्या शंका

एवढे कौतुक केल्यावर शंकाही मोकळेपणाने मांडायला हव्यात.

पहिली शंका डायनीनच्या दुबळेपणाविषयी. १.१ पिकोन्यूटन हा आकडा सर्वमान्य नाही. २००६ साली जपानमधील एका गटाने डुकराच्या मेंदूतील डायनीनचे बळ ७ ते ८ पिकोन्यूटन मोजले. २०१६ साली दुसऱ्या एका गटाने दाखवले की, मानवी डायनीन एकटे असताना सुमारे २ पिकोन्यूटन बळ लावते, पण डायनॅक्टिन आणि आणखी एका जोडप्रथिनाच्या साथीने ४ पिकोन्यूटनच्या वर जाते आणि कायनेसिनला जवळजवळ तोडीस तोड ठरते. पेशीत डायनीन बहुधा अशा साथीदारांसह असते. मग 'दुबळ्यांचा संघ' हे चित्र सगळ्या पेशींना, सगळ्या पिशव्यांना लागू आहे का? वेगवेगळे प्राणी, शुद्धीकरणाच्या वेगवेगळ्या पद्धती आणि वेगवेगळे साथीदार यांमुळे आकडे वेगळे येत असावेत. पण 'डायनीन दुबळे असते' असे सरसकट वाक्य फळ्यावर लिहू नये, हे नक्की.

दुसरी शंका स्प्रिंगविषयी. पाण्यात चिमट्याची ताकद मण्याच्या थरथरीवरून काढता येते. जिवंत पेशीत मणी पाण्याच्या धक्क्यांनी थरथरतो, तसाच पेशीच्या स्वतःच्या हालचालींनीही. त्यामुळे पेशीच्या आत ताकद काढणे बरेच अवघड असते आणि तिथला प्रत्येक पिकोन्यूटन पाण्यातल्यापेक्षा जास्त अनिश्चितता घेऊन येतो.

तिसरी शंका भाषेविषयी. ताकदवान, दुबळा, संघ, रस्सीखेच हे शब्द वर्तमानपत्रांनी घुसडलेले नाहीत, ते शोधनिबंधांतच आहेत. शास्त्रज्ञालाही उपमेवाचून विचार करता येत नाही. फरक इतकाच की, निबंधात त्या शब्दाशेजारी आलेख असतो. आमच्यापर्यंत येताना आलेख गळतो आणि शब्द तेवढा उरतो. या गळतीचा दोष शास्त्रज्ञांचा कमी आणि आम्हा लिहिणाऱ्या-शिकवणाऱ्यांचा जास्त आहे.

वर्गात काय करावे

मग चित्रफीत दाखवूच नये का? जरूर दाखवावी. हमालही ठेवावा, कारण मुलांना ओळखीच्या वस्तूवरूनच अनोळखी वस्तूकडे जाता येते. मात्र फीत मध्येच थांबवावी आणि वर्गाकडूनच दोन याद्या करून घ्याव्यात. हमाल आणि कायनेसिन यांच्यात काय सारखे? काय वेगळे? वजनाचे गणित इथेच करून घ्यावे. पुढे, हमाल थांबला तर कट्टा खाली पडेल, कायनेसिन सुटले तर पिशवीचे काय होईल, असे विचारावे. ती पडत नाही, पाण्यात थरथरत जागच्या जागी राहते आणि दुसरे प्रथिन तिला उलट नेऊ शकते. 'वेगळे' ही यादी जितकी लांब, तितका तास चांगला झाला असे समजावे.

रस्सीखेच मैदानावरही करून पाहता येते. एका बाजूला एक दणकट मुलगा, दुसऱ्या बाजूला सहा लहान मुले. लहान मुलांना आधी एकाच वेळी ओढायला सांगा, मग एकामागून एक ओढून सोडून द्यायला सांगा. फरक सगळ्यांना हातांत जाणवेल. त्यानंतर सांगा की, मैदानावर 'ओढा' असे ओरडणारा कोणीतरी होता, पेशीत तो नाही. मग एकाच वेळी ओढणे तिथे कसे जमत असेल? याचे उत्तर लगेच देऊ नये. एक दिवस मुलांना विचार करू द्यावा.

आम्ही त्या वर्गात पुन्हा गेलो तेव्हा त्या मुलीला मेदाच्या ठिगळाची हकीकत सांगितली. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "मंग तो ठिगळ तिथी कोन लावते जी?" यावरही काम सुरू आहे, असे सांगून आम्ही तो प्रश्न वहीत लिहून घेतला. वाचक शिक्षकांनी हा तास घेऊन पाहिला तर त्यांच्या मुलांनी काय विचारले, ते आम्हांला जरूर कळवावे.